सांडूची किळस

मी शहरात, गारखेडा भागात रसवंती चालवतो. त्यामुळे माणसं काय काय पितात ते मला विचारू नका. मोळी सोडली की निम्म्या उसांना भोकं दिसतात. भोकाच्या तोंडाशी ओला लाल भुसा, आत बोगदा, आणि बोगद्याच्या टोकाला मळकट पांढरी, पाठीवर जांभळे पट्टे असलेली अळी लोळत पडलेली. माझ्या धंद्यातले कित्येक जण तो ऊस तसाच चरकात घालतात. वरून लिंबू, आलं, मूठभर बर्फ. रस तांबूस दिसलाच तर 'गावरान ऊस है, भाई' म्हणायचं, की पिणारा आणखी अर्धा ग्लास मागतो. थू! मी किडकी कांडी कोयत्यानं तोडून फेकतो, तर शेजारचा पानवाला मलाच विचारतो, "क्या शिवाभाई, आज रस कम और कचरा ज्यादा?"

या अळीची माझ्यापेक्षा जास्त किळस असलेला एकच माणूस मला आयुष्यात भेटला. तो म्हणजे सांडू. आणि मला ऊस पुरवायचा तोच.

सांडू आणि मी एका गावचे. गंगापूरच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला आमचं गाव. पाटाचं पाणी आलं आणि ज्वारी-बाजरी मागं पडून जिकडंतिकडं ऊस उभा राहिला. आम्ही दोघं अजून चड्डीत होतो तेव्हाची गोष्ट. तुळशीचं लग्न होतं. आमच्याकडं तुळशीच्या मागं ऊस उभा करतात, तो तिचा मामा. मंगलाष्टका संपल्या, अक्षता पडल्या, की पोरं त्या मामावर तुटून पडतात. सांडूच्या हाताला चांगली जाडजूड कांडी लागली. त्यानं ती दातानं फोडली, कचाकचा चावली, आणि काहीतरी मऊ लागलं म्हणून हातातला तुकडा कंदिलाजवळ नेला. तुकड्यात अर्धी अळी वळवळत होती. उरलेली अर्धी कुठं गेली ते त्याला तेव्हाच कळलं.

तो तिथंच तुळशीपुढं ओकला. म्हाताऱ्या बायका अपशकुन म्हणून ओरडल्या आणि बापानं वर दोन थोबाडीत दिल्या. पोरगं ओकतंय तर पाणी द्यावं हे कुणाला सुचलं नाही.

त्या दिवसापासून सांडूनं ऊस तोंडात घातला नाही. रस नाही, काकवी नाही. शेवयाची खीर ताटात पडली तरी तो उठून जायचा. गावानं मग त्याची मजाच करून टाकली. पारावर बसला की कुणीतरी मागून गवताची काडी मानेवर फिरवायचं आणि "सांडू, अळी!" म्हणायचं. सांडू उडी मारायचा, आणि मिशा फुटलेले बाप्ये पोट धरून हसायचे. मला त्या हसणाऱ्यांची तोंडं आजही आठवतात. अळी बरी, ती निदान हसत नाही.

पुढं बाप गेला आणि पाटाखालचं रान सांडूकडं आलं. मी म्हटलं, "लेका, तुला जमायचं नाय. ऊस सोडून दुसरं काहीतरी लाव."

"पाटाखालचं रान हाये," तो म्हणाला. "ऊस नाय लावायचा तर काय, मोगरा लावू?"

लावला ऊस. पण शेतात हिंडताना त्याचे हाल बघवत नसत. लागवड होऊन दोन-अडीच महिने झाले, ऊन तापलं, की कोवळ्या उसात खोडकिडा शिरतो. मधला पोंगा, म्हणजे गुंडाळलेल्या पानांचा कोवळा शेंडा, वाळून जातो. वाळलेला पोंगा चिमटीत धरून ओढला की तो अलगद हातात येतो, आणि त्याच्या बुडाला असा कुजका, आंबट वास असतो की जेवलेलं वर यावं. तो उपटावाच लागतो, नाहीतर अळी शेजारच्या फुटव्यात जाते. सांडू बांधावर तोंड फिरवून उभा राहायचा आणि त्याची बायको आवडाबाई सरीतून पोंगे उपटत जायची. "माझं नशीब बघा," ती बायकांना सांगायची, "लोकाचे नवरे दारूलाबी भीत नाय, आन् माझा अळीला भितो."

मग त्यांना सत्यम झाला. चालायला लागल्यापासून तो पोरगा अळीला भीत नव्हता. बापाची अडचण त्याला कुणी समजावून सांगितली नाही, त्यानं आपली आपण ओळखली. दर तुळशीच्या लग्नाला सांडू रानातून ऊस आणायचा, आणि मांडवात उभा करायच्या आधी सत्यम खाली बसून एकेक ऊस फिरवून बघायचा, डोळ्याजवळ नेऊन, भोकं शोधत. मग मान वर करून म्हणायचा, "नाना, स्वच्छ हाये." तेवढं ऐकलं की सांडू तो ऊस हातात धरायचा. खायचा नाही, पण धरायचा. मोठ्या झालेल्या माणसानं बोटभर पोराच्या डोळ्यावर एवढा भरवसा टाकलेला मी दुसरीकडं पाहिला नाही.

सांडूची एक इच्छा होती, आणि ती त्यानं मलाच सांगितली होती. ऊस घेऊन शहरात आला की तो माझ्या रसवंतीत चरकाकडं पाठ करून बसायचा आणि शेजारचा चहा प्यायचा. एकदा चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "शिवा, मरायच्या आधी मपल्या रानातली एक कांडी खायची हाये. चावून. तोंडात काय येतंय याची भीती न धरता."

"मी सोलून देतो, आत्ता खा."

"तू बघितलेला नाय चालत. सत्या ज्या दिवशी बघून देईल आन् मला धीर होईल, त्या दिवशी."

सत्यम शिकला, शेतीचा डिप्लोमा केला आणि औषधं-खतं विकणाऱ्या एका कंपनीत लागला. कंपनीचं नाव मी घेत नाही, तोंड खराब होतं. गारखेड्यातच त्यानं फ्लॅट घेतला. शर्ट पँटीत, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राचा पट्टा, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण फार मोठे शेतकरी आहोत असं वाटावं. माझ्याकडं यायचा, "काका, रस द्या, बर्फ नको," म्हणायचा. मला त्याचं कौतुक होतं.

अशात एका हिवाळ्यात तालुक्याला शेतकरी मेळावा झाला. सांडू गेला. तिथं एक शास्त्रज्ञ बाई उसातल्या सिलिकॉनवर बोलल्या. मेळाव्याहून तो थेट माझ्याकडं आला, आणि मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"शिवा, वाळूत असतं ना, तेच. पण ऊस मुळातनं पितो असं विरघळलेलं. आन् मग ते पानाच्या, कांडीच्या सालीत जाऊन बसतं, कणाकणानं. अळी पहिल्यांदा तोंड लावती ना, तव्हा तिचे जबडे झिजतात. आत घुसायला वेळ लागतो. तवर बाहेर ऊन हाये, मुंगी हाये, पाखरू हाये. समजलं का? अळीला आपण मारायचंच नाय. तिला आत येऊच द्यायचं नाय!"

"मग सगळे का करत नाहीत?"

"आपण दरसाल ऊस काढून नेतो, त्याच्यासंगं जमिनीतलं सिलिकॉनबी नेतो, परत काय देतो? बाई म्हणल्या, कारखान्यातल्या चिपाडाच्या राखेत असतं, भाताच्या तुसाच्या राखेत असतं, खतातबी मिळतं. हळू काम करतं, म्हणल्या. अळी कमी होईल, साफ जाईल असं कुणी म्हणलं तर त्याला दारात उभं करू नका, म्हणल्या."

बाई खरं बोलल्या होत्या. खरं बोलणाऱ्याच्या सभेला माणसं कमी असतात, तशी तिथंही कमीच होती.

सांडूनं त्याच संध्याकाळी सत्यमला सांगितलं, "मला सिलिकॉन आणून दे." आणि सत्यमनं आणून दिलं. खोकी भरून. चकचकीत बाटल्या, त्यांच्यावर ढाल घेतलेल्या उसाचं चित्र, आणि मोठ्या अक्षरात एकच शब्द: सिलिकॉन. बाकीचा मजकूर इंग्रजीत, मुंगीच्या डोळ्याएवढा. सांडूनं लागवड केली, बाटल्या पाण्यात घालून सरीसरीनं मुळाशी ओतल्या, आणि वाट बघत बसला.

ऊस नुकता फुटला होता, अजून गुडघ्याएवढाही नव्हता, तेवढ्यात सत्यम कॅमेरावाला घेऊन गावात आला. "नाना, सिलिकॉनबद्दल जे वाटतं ते बोला. लहानपणची अळीची गोष्ट सांगा. मनापासून सांगा."

सांडूनं सांगितली. ती गोष्ट त्यानं आवडाबाईला लग्नानंतर कित्येक वर्षांनी सांगितली होती. पण पोरगा म्हणतोय म्हटल्यावर त्यानं कॅमेऱ्यापुढं सगळं सांगितलं. अर्धी अळी, तुळशीपुढं ओकणं, बापाच्या थोबाडीत, सगळं. सांगताना त्याचे ओठ थरथरले. "मला अळीची एवढी किळस," तो म्हणाला, "पर आता ऊसच तिला आत येऊ देणार नाय. सिलिकॉन हाये." मग त्याला दुसऱ्याच्या रानातल्या डोक्याइतक्या उंच, काळ्याशार उसापुढं उभं केलं आणि हातात बाटली दिली. सांडू म्हणाला, हा ऊस आपला नाय. कॅमेरावाला म्हणाला, बाबा, दिसायला पाहिजे ना काहीतरी.

तो व्हिडिओ मोबाईलमोबाईलवर गेला. थरथरणारे ओठ लोकांना फार आवडले. गंगापूरच्या हॉटेलात, जीपमध्ये, एसटीत, जिथं तिथं माझा मित्र अर्धी अळी थुंकत होता. माझ्याकडं रस प्यायला आलेली कॉलेजची पोरं त्याला ओळखायला लागली. "अरे, ये तो वो कीडेवाले नाना है!" आणि हसणं. पण शेतकरी हसले नाहीत, त्यांनी बाटल्या घेतल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्या माणसाला अळीची एवढी शिसारी आहे, तो अळीबद्दल खोटं कशाला बोलेल? गावानं जन्मभर ज्याच्या किळसेची चेष्टा केली, तीच किळस आता कंपनी हमीपत्र म्हणून विकत होती.

ऊन तापलं. एका दुपारी सांडू मोळ्या उतरवून माझ्याकडं बसला होता, नेहमीसारखा पाठ करून. सत्यम त्याला जेवायला घरी न्यायला येणार होता. तेवढ्यात सूर्यभान आला. सूर्यभान आमच्या शिवेपलीकडच्या वस्तीवरचा, मेंढरांमागं हिंडलेल्या घरातला. त्याच्या घरात ऊस लावणारा तो पहिलाच. एसटीनं, उन्हातान्हात, सांडूला शोधत आला होता. राम राम नाही, पाणी नाही. त्यानं खांद्यावरची पिशवी माझ्या टेबलावर पालथी केली.

वाळलेले पोंगे. पिशवीभर. वास असा सुटला की रस पिणारं एक जोडपं ग्लास तसेच ठेवून उठलं. एका पोंग्याच्या बुडातून अळी बाहेर आली आणि टेबलावर सांडलेल्या रसात सरकायला लागली.

"नाना," सूर्यभान म्हणाला, "तुमी म्हणले म्हणून म्या आणलं. दुसऱ्या कुणी म्हणलं असतं तर नसतं आणलं. हे बघा. सगळं रान असंच हाये."

सांडू पांढराफटक पडला. "मपल्या रानातबी हाये," तो म्हणाला. "म्या म्हणलं, हळू काम करतं."

तेवढ्यात सत्यमची गाडी लागली. आत आला, वासानं नाकाला रुमाल लावला. सांडूनं त्याला विचारलं, "सत्या, त्या बाटलीत काय हाये?"

"सिलिकॉन, नाना."

"बाईंनी सांगितलं तेच ना?"

सत्यमनं माझ्याकडं बघितलं, सूर्यभानकडं बघितलं आणि तो हसला. "नाना, सिलिकॉन दोन प्रकारचं असतं. त्या बाई म्हणाल्या ते खतातलं. हे फवाऱ्यातलं. औषधात थेंबभर टाकलं की औषध पानावर नीट पसरतं. स्टिकर म्हणतात त्याला. नाव दोन्हीचं सिलिकॉनच आहे ना? बाटलीवर कुठं लिहिलंय का, की हे खत आहे? कुठं लिहिलंय, की यानं अळी जाते?"

"आन् नाना बोलले ते?" सूर्यभान म्हणाला.

"नाना सिलिकॉनबद्दल बोलले. ते खरंच आहे. नाना बाटलीबद्दल एक शब्द बोललेले नाहीत. व्हिडिओ बघा पाहिजे तर."

मी व्हिडिओ आठवून बघितला. खरंच, सांडूच्या तोंडी बाटलीचा शब्द नव्हता. ती फक्त त्याच्या हातात होती. हे कुणीतरी थंड डोक्यानं, खुर्चीत बसून, आधी ठरवलेलं होतं.

"तुला ठावं व्हतं?" सांडूनं विचारलं. आवाज चढला नव्हता. "मला आणून दिलं तव्हा ठावं व्हतं?"

"नाना, माल पडून होता. वरून टार्गेट असतं. आणि तुमच्या रानाला त्यानं काही अपाय तर झाला नाही ना?"

सांडू उठला, गटारीपाशी गेला आणि ओकला. सत्यम पाण्याचा ग्लास घेऊन मागं धावला, "वास सहन होत नाही त्यांना, काका, उचला ना ते." सांडूनं ग्लास घेतला नाही. माझ्या माठातलं पाणी स्वतः घेतलं, चूळ भरली, टेबलापाशी आला, आणि ज्या माणसानं जन्मात वाळका पोंगा चिमटीत धरला नव्हता त्यानं दोन्ही हातांनी ते पोंगे गोळा करून पिशवीत भरले. ती रसातली अळीसुद्धा.

"सूर्यभान, चल," तो म्हणाला. "तुझ्या रानात जाऊ."

"नाना, जेवण वाढून ठेवलंय घरी," सत्यम म्हणाला.

सांडूनं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. दोघं बसस्टँडकडं चालू लागले.

पुढचं मी गावाकडून ऐकलं. सांडूनं सूर्यभानच्या रानातले पोंगे उपटले. मग ज्यांनी ज्यांनी व्हिडिओ बघून बाटल्या घेतल्या होत्या त्यांच्या बांधावर तो गेला आणि म्हणाला, मी उपटून देतो. सरीत वाकायचा, पोंगा ओढायचा, पिशवीत टाकायचा, बाजूला जाऊन ओकायचा, परत वाकायचा. काहींनी हात धरून मागं ओढलं. काहींनी बांधावर बसून मजा बघितली, मोबाईल काढून त्याचेही व्हिडिओ केले. माझ्या देशात ओकणाऱ्या माणसाचा व्हिडिओ होतो, याचं मला आता नवल वाटत नाही. सूर्यभाननं एक व्हिडिओ केला होता, की बाटली खत नाही, फसू नका. तो कुणी पुढं पाठवला नाही. त्यात कुणाचे ओठ थरथरत नव्हते.

सांडूनं सत्यमला एकच निरोप धाडला, माझं तोंड कंपनीच्या व्हिडिओतून काढ. सत्यमनं कळवलं, व्हिडिओ कंपनीच्या मालकीचा आहे, आपल्या हातात नाही. त्याच दिवाळीत कंपनीनं त्याला वरची जागा दिली आणि चारचाकी दिली. तुळशीच्या लग्नाला तो फिरकला नाही आणि सांडूच्या अंगणात मामाही उभा राहिला नाही. आवडाबाईनं नुसती ज्वारीची ताटं उभी करून लग्न लावलं.

पुढच्या लागवडीला सांडू ट्रॅक्टर घेऊन साखर कारखान्यावर गेला. बॉयलरमधल्या राखेचे ढीग मागं पडलेले असतात, वाऱ्यानं आसपासची घरं काळी करतात. ती राख त्यानं आणली, शेणखतात मिसळली आणि सरीत टाकली. दिवसभर काम करून नाकातोंडातून काळं निघायचं. लोक म्हणाले, सांडूच्या डोक्यावर परिणाम झाला. कंपनीची बाटली घरात आणताना त्यांनी असं कुणाला म्हटलं नव्हतं. सांडूनं कुणाला काही समजावलं नाही. सूर्यभानला तेवढी एक ट्रॉली नेऊन टाकली.

ऊस वाढला. पोंगे वाळले, पण आधीपेक्षा कमी. पान असं धारदार झालं की पाचट काढणाऱ्या बायका शिव्या द्यायला लागल्या, हाताला कापतंय म्हणून. आवडाबाईची तक्रार वेगळीच. "तुमच्या राखेनं म्हैस उसाच्या शेंड्याचं वाढं खाईना झाली," ती म्हणाली, "तिचेबी दात झिजवता का आता?" सांडू म्हणे यावर बऱ्याच दिवसांनी हसला.

गेल्या कार्तिकात त्यानं मला निरोप धाडला. तुळशीच्या लग्नाला ये, मामा उभा करायचाय. मी दुकान बंद करून गेलो. अंगण सारवलेलं, तुळशीला हळदीचा पट्टा, मागं पाच उसांचा मांडव. सूर्यभान होता, गल्लीतली पोरंबाळं होती. अक्षता पडायच्या जरा आधी दारात गाडी थांबली आणि सत्यम उतरला. हातात पेढ्यांचा मोठा खोका. अंगानं सुटलेला. आवडाबाईच्या पाया पडला, सांडूच्या पाया पडला. सांडूनं पाय मागं घेतले नाहीत, पण हातही वर उचलला नाही.

लग्न लागलं. पोरं उसांवर तुटून पडली. सत्यमनं बूट काढले, तुळशीजवळ मांडी घालून बसला, आणि एक ऊस ओढून घेतला. लहानपणी बसायचा तसाच बसला होता. ऊस डोळ्याजवळ नेला, फिरवला, एकेक कांडी अंगठ्यानं चाचपली. कोयत्यानं साल काढली, मधोमध चिरून आत बघितलं. आवडाबाईनं पदर तोंडाला लावला. सत्यमनं मान वर केली आणि कांडी बापापुढं धरली.

"नाना, स्वच्छ हाये."

ऊस खरंच स्वच्छ होता. मी शेजारीच बसलो होतो, मला दिसत होतं. पांढरी, रसरशीत कांडी. आणि खरं सांगतो, त्या पोराचे डोळे भरले होते. मला वाटलं, सांडू घेतो आता. जन्मभर ज्या एका घासाची वाट बघितली तो समोर होता आणि ज्यानं बघून द्यायचा त्यानंच बघून दिला होता.

सांडूनं त्या कांडीकडं बघितलं, मग पोराकडं. मग हात लांब करून त्यानं मांडवातला दुसराच ऊस ओढला. त्याच्या खालच्या कांडीला भोक होतं, लहानसं, लाल भुशाचं. पोरं "ईऽऽ" करून मागं सरली. सांडूनं कोयत्याचं टोक भोकात घातलं आणि साल उचकटली. अळी सालीतच अडकली होती, आत जेमतेम नखभर गेलेली. जिवंत होती. सांडूनं तोंड फिरवलं नाही. त्यानं ती बोटानं उचलली आणि तळहातावर घेतली.

"ही उसातच जन्मली," तो म्हणाला. "ऊसच खाणार. हिनं मला कधी सांगितलं नाय, का मी इथं नाय म्हणून."

त्यानं अळी अंगणाच्या कडेला मुंग्यांत टाकली, धोतराला हात पुसला, किडका भाग छाटून फेकला आणि उरलेली कांडी दाताला लावली. साल टणक होती. म्हातारे दात, दोनदा सटकले. तिसऱ्यांदा कांडी फुटली. तो चावत राहिला, रस हनुवटीवरून गळत होता.

सत्यमचा हात अजून पुढंच होता. "नाना," तो म्हणाला, "हा घ्या ना. मी बघितलाय."

सांडूनं चोथा थुंकला.

"ठेव तिकडं," तो म्हणाला. "मला किळस येती."